हिरव्या इंजिनानंतर कोणतं?

सांगली, विश्रामबाग
१४ जुलै

प्रिय दत्ता,

तीन महिने पत्र नाही, माफ कर. आईचे गुडघे बरे आहेत, माझं ठीक. लिहायला बसलो ते आपल्या मॉडेल रेल्वेचं हिरवं इंजिन रविवारी थांबलं म्हणून. घरात हे कुणाला सांगू?

चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक्’ व्हायचं. मग मोटर फिरायची, चाकं जागच्या जागी. खालची पट्टी काढून भिंगातून पाहिलं, तर अ‍ॅक्सलवरच्या पांढऱ्या नायलॉन गिअरला केसाएवढी चीर. लोखंडी अ‍ॅक्सलवर घट्ट ठोकून बसवलेलं प्लास्टिक वर्षानुवर्षं ताणाखाली राहून तडकतं. चिरेपाशी दोन दातांतलं अंतर वाढतं आणि नेमकं तिथेच पुढचं चाक अडतं. फेविक्विकने भेग बुजते, अंतर कमी होत नाही. नवा गिअरच हवा, आणि त्या मॉडेलचा तो आता मिळत नाही.

म्हणून या वेळी नवं घेताना रंगरूप नंतर, आधी सुट्या भागांचा कागद बघायचा.

तुझं त्या जर्मन मेर्कलिन कंपनीचं वेड मला ठाऊक आहे. यंत्र दणकट, वादच नाही. पण त्यांची तीन रुळांची पद्धत, वीज रुळांच्या मधल्या टिकल्यांतून. दोन्ही बाजूंची चाकं विजेला एकमेकांशी जोडलेली असतात, आपल्या दोन रुळांवर ठेवलीस की शॉर्ट. त्यांच्याच ट्रिक्स नावाने दोन रुळांवरची इंजिनं मिळतात. इतकी वर्षं भांडलो त्याचं उत्तर हे होतं!

ब्रिटिश हॉर्नबीचा रूळ आपलाच, १६.५ मिमी रुंद, पण माप १:७६, आपलं १:८७. चार मीटर उंचीचं इंजिन १:८७ मध्ये ४६ मिमी होतं, त्यांच्यात जवळजवळ ५३. आपल्या डब्यांपुढे लावून बघ, डोळ्याला खुपेल.

माझा कौल पिको किंवा रोको या कंपन्यांना. दोघेही सुट्या भागांचा नकाशा क्रमांकांसकट देतात. पिकोची हॉबी मालिका खिशाला झेपते. पण चार अ‍ॅक्सलचंच घेऊ. आपलं वळण ३६० मिमी त्रिज्येचं, लांब सहा अ‍ॅक्सलचं तिथे रुळावरून उतरू शकतं. चाकांवरच्या रबरी रिंगांचं जादा पाकीट लगेच घ्यायचं. त्या कडक झाल्या की इंजिन चढावर नुसतं घसरतं. आल्यावर डबे न जोडता दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास चालवायचं, मगच ओझं.

आणि तुझी बार्शी लाइट, ती जुनी नॅरोगेज रेल्वे! कुर्डुवाडी-मिरज ७६२ मिमी रुंद रुळांची होती. ८७ ने भाग, ८.७६ येतं. म्हणजे एन गेज या छोट्या मापाचा ९ मिमी रूळ जवळजवळ तंतोतंत बसतो. जपानी कातो कंपनीच्या पॉकेट लाइन मालिकेचं छोटं चॅसिस, म्हणजे मोटर-चाकांचा सांगाडा, घ्यायचं आणि वर स्टायरीन या प्लास्टिकच्या शीटची बॉडी आपण कापायची. ब्रॉडगेजचं मात्र १९.२६ येतं, म्हणजे १६.५ वर आपलं कुठलंही देशी इंजिन आयुष्यभर अरुंदच उभं राहणार. तेव्हा तू नॅरोगेज म्हणत होतास ते खरं होतं. मी उगाच हट्ट धरला.

चिनूला बारावीचे पेढे माझ्याकडून. नव्या घराचे हप्ते सुरू झाले का?

मेव्हणे डिसेंबरात शिकागोहून येणार ना? त्यांना सांग, इंजिन सुटं आणा, पूर्ण संच नको. तिकडचा पॉवरपॅक १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर लावला की जळालाच. पिको की रोको, ते आठवडाभरात कळव. भागांचे क्रमांक मी लिहून पाठवतो.

तुझा,
बाळ्या