पहिला पगार आणि पहिला हप्ता

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागून नर्सिंगच्या प्रवेशांची लगबग सुरू झाली, की दिंडोरी, निफाड, सिन्नरकडचे ओळखीचे पालक माझ्याकडे येऊ लागतात. प्रश्न ठरलेला असतो: मुलीला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला घालायचे आहे, बँक कर्ज देईल का? मी तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता येते. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही आणि कॉलेज मान्यताप्राप्त असेल तर बँक सहसा अडवत नाही. पण ते कर्ज कशातून फिटणार, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

उदाहरणादाखल असे धरू, की खासगी कॉलेजात तीन वर्षांच्या जीएनएमसाठी फी, वसतिगृह, मेस मिळून दर वर्षी १ लाख रुपये कर्ज काढले आणि व्याजदर १० टक्के आहे. अभ्यासक्रम संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, म्हणून घरचे लोक निर्धास्त असतात. प्रत्यक्षात या चार वर्षांत सरळव्याजाचेच ९०,००० रुपये साठतात आणि परतफेड ३ लाखांवर नव्हे, तर ३ लाख ९० हजारांवर सुरू होते. सात वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,५०० रुपये येतो आणि शेवटी बँकेत एकूण ५ लाख ४४ हजारांच्या आसपास भरलेले असतात. हेच व्याज शिकत असतानाच दरमहा भरत गेले, म्हणजे पहिल्या वर्षी साधारण ८३५ रुपये, तिसऱ्या वर्षापासून २,५००, तर हप्ता ५,००० पर्यंत खाली येतो. शिवाय असे व्याज नियमित भरणाऱ्याला अनेक बँका दरात एक टक्का सूट देतात. माझ्या अनुभवात ही सूट मागणारा पालक क्वचितच भेटला, आणि ती आपणहून सांगणारा बँक कर्मचारीही, हे कबूल करायला हवे.

आता दुसरी बाजू. प्रवेशाच्या वेळी सांगितला जातो तो सरकारी पगार. तो खोटा नाही: सातव्या वेतन आयोगानुसार राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेचे (स्टाफ नर्सचे) मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून आणि एएनएम (सहायक परिचारिका) झालेल्या जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेचे २५,५०० पासून सुरू होते, भत्ते वेगळे. परंतु ही पदे भरतीची जाहिरात निघेल तेव्हा, परीक्षा देऊन, आरक्षणाच्या तक्त्यात बसून मिळतात. हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच सुरू होतो. मधली वर्षे खासगी रुग्णालयात किंवा कंत्राटी नोकरीत जातात. माझी भाची जीएनएम होऊन शहरातल्या एका लहान नर्सिंग होममध्ये लागली, तेव्हा तिला ११,००० रुपये मिळत होते. खोलीभाडे, डबा आणि रात्रपाळीहून परतायचे रिक्षाभाडे वजा जाता तिच्या हाती हप्त्यापुरतेही उरत नसे, आणि पहिली दोन वर्षे तो हप्ता माझ्या मेहुण्यांनी कांद्याच्या पैशातून भरला. ज्या महिन्यात लासलगावला भाव पडला, त्या महिन्यात तो थकला.

वास्तविक सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत आणि २०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयांनी सरकारी वेतनाइतके वेतन द्यावे, अशी शिफारस केली होती. ती अमलात आणण्याचे काम राज्यांकडे आले. तेव्हापासून इतकी वर्षे गेली, तरी भाचीच्या मालकांना ही शिफारस ठाऊक होती की नव्हती, देव जाणे!

‘विनातारण’ या शब्दाने बरीच फसगत होते. तारण नसले तरी वडील किंवा आई सहकर्जदार म्हणून सही करतात, आणि खाते थकले की नोंद दोघांच्याही नावावर लागते. मग धाकट्या मुलाच्या शिक्षणासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी तेच वडील बँकेत आले, की त्यांचा अर्ज तिथेच अडतो.

विज्ञान शाखेतून जीवशास्त्र घेऊन बारावी झालेल्या मुलींनी तर खासगी जीएनएमकडे वळण्याआधी बीएस्सी नर्सिंगची सीईटी अवश्य द्यावी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. म्हणजे ‘जागा आजच पक्की करा’ या आग्रहाला बळी पडून कोट्यातून प्रवेश घेणारा बाप एका सहीने काही लाखांची सवलत सोडून देतो. कला शाखेच्या मुलींना जीएनएमचा रस्ता खुला असतो आणि पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. तेही आधी दोनतीन वर्षे नोकरी करून, पहिले कर्ज हलके झाल्यावर करावे, असे माझे मत आहे.

सहा महिन्यांत ‘नर्सिंग’ शिकवणाऱ्या फलकांविषयी एवढेच, की ज्या अभ्यासक्रमानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, तो करून मुलगी परिचारिका होत नाही. मदतनीस म्हणून तिला काम मिळेल, पण त्यासाठी कर्ज काढू नये.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशिक शहरात, म्हसरूळला आहे. माझी विनंती अशी, की विद्यापीठाने आणि जीएनएमची परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाने प्रत्येक कॉलेजला फीच्या तक्त्याशेजारी आणखी तीन आकडे लावायला सांगावेत: गेल्या तीन तुकड्यांतल्या किती मुलींची परिषदेत नोंदणी झाली, किती जणी नोकरीत आहेत आणि त्यांचा पहिला पगार किती होता. तोवर पालकांनी माहितीपत्रकावरचा परदेशी रुग्णालयाचा फोटो बाजूला ठेवून, त्याच कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोनतीन मुलींना गाठावे आणि पगार हातात किती येतो, हे त्यांनाच विचारावे. भाचीचा प्रवेश घेताना आम्ही असे कोणालाच विचारले नव्हते.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
नाशिकरोड