शील वगळून ध्यान?

महोदय,

कार्यालयांतून ‘माइंडफुलनेस’ची (सजगतेच्या ध्यानाची) सत्रे घेणारी मंडळी धर्माविना ध्यान ही पाश्चात्त्यांचीच देणगी असल्याच्या थाटात बोलतात. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा अभ्यासक्रम सुरू केला, हे श्रेय त्यांचेच. परंतु त्याआधी दहा वर्षे, १९६९ मध्ये, सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून भारतात येऊन, कोणालाही आपला धर्म सोडायला न सांगता, विपश्यना ही बौद्ध ध्यानपद्धती शिकवू लागले होते. इगतपुरीच्या धम्मगिरीतील दहा दिवसांच्या शिबिरात मूर्तिपूजा, जपमाळ, मंत्र काहीही नसते; पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे फक्त पाहायचे असते. मात्र शिबिराचा प्रारंभ शीलपालनाच्या, म्हणजे हिंसा, चोरी, खोटे बोलणे इत्यादी टाळण्याच्या, प्रतिज्ञेने होतो, आणि नेमके तेच कार्यालयीन सत्रांतून गाळले जाते. खोटे न बोलण्याचे बंधन नको, पण तणाव तेवढा जावा, ही अपेक्षा मोठी सोयीची आहे (व्यवस्थापनालाही!).

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची वाट याहून वेगळी. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी ईश्वर व आत्मा नाकारून धम्माचा संबंध माणसामाणसांतील व्यवहाराशी जोडला. ध्यानाला तेथे केंद्रस्थान नाही. बुद्धाकडे कर्मकांडाविना पाहू इच्छिणाऱ्या मराठी माणसाने हा ग्रंथ बाजूला ठेवून मोबाइलवरचे ध्यानाचे ॲप तेवढे उघडावे, याचे नवल वाटते. सत्रांच्या आयोजकांनी निदान एक तास त्याच्या वाचनासाठी राखून ठेवावा, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक