जोडी कुठे सुटते ते दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
शि. सा. न. वि. वि.

इन्व्हिजिबल डेक, म्हणजे प्रेक्षकानं मनात धरलेला एकच पत्ता पालथा दाखवणारा जादूचा कॅट, दगा देऊ लागला की तो फेकून नवा आणायचा, अशीच बहुतेकांची रीत आहे. बिघाड अख्ख्या कॅटमध्ये नसतो, एखाददुसऱ्या जोडीत असतो, आणि ती जोडी शोधून काढता येते, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. हे पत्र त्याचे आभार मानण्यासाठी आहे. तुमचं सांगणं इथे तपशिलानं लिहून ठेवतो आहोत, कारण विकतच्या डब्यातल्या कागदावर खेळ कसा करायचा ते छापलेलं असतं, कॅट कसा जपायचा ते क्वचितच.

जो बर्ग यांनी १९३६ साली ‘अल्ट्रा मेंटल’ या नावानं आणलेली ही मांडणी आजही तशीच वापरतात. ५२ पत्त्यांच्या २६ जोड्या, प्रत्येक जोडी पाठीला पाठ लावून. पाठींवर खरखरीत लेप, तोंडं गुळगुळीत. म्हणून पत्ते पसरले की जोडी एकसंध सरकते आणि आतली पाठ दिसत नाही. इस्पिकची जोडी बदामशी, किलवरची चौकटशी, आणि बेरीज तेरा: एक्का-राणी, दुर्री-गुलाम, तिर्री-दश्शी, चव्वी-नव्वी, पंजी-अठ्ठी, छक्की-सत्ती. राजाला राजाच. एका बाजूनं सगळे सम पत्ते उताणे, दुसऱ्या बाजूनं विषम. राजांपैकी इस्पिक आणि किलवरचे सम बाजूला. डब्याच्या झाकणावर आतून पेन्सिलीचा एक ठिपका दिला की सम बाजू कुठली हे न उघडता कळतं. खेळानंतर प्रेक्षकाच्या हातून परत आलेला पत्ता घाईत भलत्याच जोडीत जातो, आणि पुढच्या खेळाला नेमका तोच घोळ होतो. म्हणून कॅट डब्यात जाण्याआधी २४ वेळा तेराची बेरीज करायची आणि राजांच्या दोन जोड्या पाहायच्या, ही तुमची शिस्त आम्ही मोडत नाही.

सगळ्यात मोलाची तुमची अदलाबदलीची परीक्षा. पसरताना मध्येच पाठ डोकावली, तर ती जोडी बाजूला काढायची आणि त्यातला एक पत्ता चांगल्या जोडीतल्या पत्त्याशी लावून पाहायचा. धरला, तर दोष दुसऱ्या पत्त्यात. नाही धरला, तर यातच. दोन मिनिटांत गुन्हेगार पत्ता हाती येतो आणि बाकीच्या ५१ पत्त्यांना हात लावावा लागत नाही. लेप किती हवा याचं मापही तुम्ही हातालाच शिकवलंत: जोडी अंगठा आणि बोटांमध्ये धरून सहज सरकवली तर ती एक पत्ता वाटली पाहिजे, खालच्या बोटांनी तळाचा पत्ता रोखून वरचा अंगठ्यानं मुद्दाम ढकलला तर तो सरकला पाहिजे. तेवढ्यानंही सुटला नाही तर लेप जास्त झाला. असा पत्ता खेळात नखानं ओढावा लागतो आणि सगळ्यांना दिसतो.

दोषी पत्ता सापडला की आधी त्याची पाठ पाहायची. बहुतेकदा लेप झिजलेला नसतो, हाताचा घाम, तेल आणि धूळ त्याच्या खाचांत बसलेली असते. कोरड्या, मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडानं हलकेच पुसलं की बरेच पत्ते पुन्हा धरतात. तरीही धरत नसेल तरच नवा लेप. मॅट फिनिशचा पारदर्शक वार्निश स्प्रे, २५ ते ३० सेंटीमीटरवरून, दोन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं, आणि मग रात्रभर वाळवण. एकच जाड हात मारला की ओल कागदात मुरते, कडा फुगतात. पत्ता पालथा आणि खाली अंथरलेल्या कागदाला सपाट टेकून असला पाहिजे, नाहीतर फवारा कडेखालून तोंडावर जातो. तोंडाला लेप लागला की शेजारच्या दोन जोड्या एकमेकींना धरून बसू शकतात, आणि मग चार पत्त्यांचा गठ्ठा एकदम सरकतो. तसा पत्ता बदललेलाच बरा, खरवडत बसू नये. निखळ प्लास्टिकच्या पत्त्यांच्या वाटेला जायचं नाही, कारण लेप त्यांत मुरत नाही आणि वाकवले की सोलतो.

पावसाळ्याबद्दल तुम्ही जे समजावलंत त्यासाठी मुंबई-कोकणातल्या प्रत्येक जादूगारानं तुम्हाला नमस्कार करावा. दमट हवेत फवारा मारला तर लेपावर पांढरट साय धरते, म्हणून हे काम कोरड्या दिवशीच. त्याहून खोल गोष्ट ही की वार्निशमुळे पाठीकडून ओल कमी शिरते, तोंडाकडून जास्त. तोंडाची बाजू फुगते आणि पत्ता पाठीकडे खोलगट होतो. आता असे दोन पत्ते पाठीला पाठ लावले तर ते फक्त कडांना टेकतात, मधे पोकळी राहते. लेप अगदी शाबूत, तरी जोडी घसरते! अशा वेळी पुन्हा फवारा मारणं म्हणजे ताप नसलेल्याला क्रोसिन देणं. पत्ता काचेवर ठेवून कडेनं पाहायचं. उजेडाची फट दिसली तर कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून दोन दिवस जड पुस्तकांखाली दाबायचा. एरवी कॅट डब्यात घट्ट बसलेला हवा, आणि डबा सिलिका जेलच्या पुडीसकट झाकण घट्ट लागणाऱ्या बरणीत.

पावडरीची तुमची सक्त मनाई आता पटली आहे. पंखा सुरेख उघडावा म्हणून पत्त्यांना झिंक स्टिअरेट लावतात. साध्या कॅटला ते छानच, पण इथे ती पावडर पाठींवर पोचली की सगळी पकड जाते. टाल्कमचंही तेच. त्याऐवजी खेळाआधी साबणानं हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे, आणि क्रीम लावायचं नाही.

स्वेंगाली या जादूच्या दुसऱ्या कॅटविषयी तुम्ही थोडकंच सांगितलंत, पण तेही कामाचं. २६ आखूड पत्ते एकसारखे, २६ पूर्ण लांबीचे वेगवेगळे, प्रत्येक आखूड पत्त्याखाली एक लांब. हातावर पत्ते पिसले की क्रम तुटतो. काटणं आणि टोकांनी फरफरवून पिसणं चालतं. खेळाआधी कॅटचं पुढचं टोक टेबलावर ठोकून घ्यायचं, म्हणजे लांबीचा सगळा फरक अंगठ्याकडे येतो. घरी कापलेल्या पत्त्यांचे कोपरे गोल केले नाहीत तर ते अडकतात, हेही तुमच्याकडूनच कळलं.

तुम्ही लिहून दिलेला जोड्यांचा तक्ता आता आमच्या प्रत्येक डब्यात आहे. मृग लागण्याआधी सगळे कॅट काचेवर तपासून होतील. ज्या पत्त्यांबद्दल शंका राहील तेवढे घेऊन तुमच्याकडे येऊ.

कळावे, लोभ असावा.

आपले,
तुमच्याकडे पत्ते जपायला शिकलेले सगळे