पाळी जाऊन किती वर्षे झाली?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन थेरपीवर आपल्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. हार्मोनमुळे हाडांची झीज रोखली जाते, हे त्यात बरोबर लिहिले आहे. पण पाळी जाऊन किती वर्षे झाली, हा प्रश्न लेखात कुठेच नाही. माझ्यासारखीचे घोडे तिथेच अडते.

माझे वय ६७. पाळी गेली ४९व्या वर्षी. ६१व्या वर्षी बाथरूमच्या दारात पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडले. प्लास्टर झाले, निघाले, बोटांचे व्यायाम झाले. उभ्याउभ्या पडून हाड मोडले तर ते आधीच ठिसूळ झालेले असू शकते, हे मला कुणी सांगितले नाही. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करा, असेही कुणी म्हणाले नाही. मीही विचारले नाही. रोज कॅल्शियमची गोळी घेत होते, तेवढ्याने भागते अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी बादली उचलताना पाठीत कळ आली. स्नायू आखडला असेल म्हणून पंधरा दिवस शेकत बसले. एक्स-रेमध्ये मणका दबलेला निघाला, आणि डेक्साचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत माझ्या हाडांची घनता, उणे ३.२. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. उंची मोजली, तर तरुणपणापेक्षा साडेचार सेंटिमीटर कमी भरली.

मग मीच डॉक्टरांना म्हणाले, मला हार्मोन सुरू करा. त्यांनी घाई न करता समजावले. हाड सतत पोखरले जाते आणि पुन्हा भरले जाते. पोखरणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन हे स्त्रियांचे हार्मोन आवरून धरते. पाळी गेली की तो लगाम सुटतो आणि पहिल्या पाच-सात वर्षांत झीज सर्वांत वेगाने होते. हार्मोनचा खरा उपयोग त्या काळात. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षे व्हायच्या आत सुरू केले, तर बहुतेक निरोगी बायकांत फायद्याचे पारडे जड राहते. अठरा वर्षांनी पहिल्यांदा सुरू करायचे, तर पक्षाघात, रक्ताची गुठळी, हृदयविकार यांचा धोका वाढलेला असतो, आणि हाडांसाठी दुसरी औषधे हाताशी आहेत. म्हणून मला आठवड्याला एक गोळी दिली. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही.

लेखात २००२ सालच्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी अभ्यासाचा एका ओळीत उल्लेख आहे, ‘कर्करोगाची भीती’ एवढाच. मी आयुष्यभर गणित शिकवले, म्हणून ही ओळ मला सोडवत नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनसारखे काम करणारे औषध) एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी जास्त आढळला, ही बातमी जगभर गेली. तोच आकडा असाही मांडता येतो: वर्षाला दर १०,००० बायकांमागे ३० ऐवजी ३८. खुब्याची हाडे मोडण्याचे प्रमाण १५ वरून १० वर आले, हे मात्र फारसे कुणाच्या कानी गेले नाही. आणि त्या बायकांचे सरासरी वय होते ६३. त्यांचा निष्कर्ष पन्नाशीतल्या बाईवर जसाच्या तसा लादला गेला. ते आठ जादा कर्करोग खरे आहेत, मी ते लहान करत नाही. पण टक्के सांगताना ते कशाचे आणि कोणत्या वयातले, हे सांगायला हवे. वर्गात मी यासाठी गुण कापत असे.

त्या भीतीची झळ माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला बसली. तिची पिशवी ४१व्या वर्षी काढली, सोबत दोन्ही अंडाशयही. एवढ्या लवकर अंडाशय गेले, तर स्तनाच्या कर्करोगासारखे कारण आड येत नसल्यास निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन घ्यावेत, असाच सर्वसाधारण सल्ला असतो. तिला कुणी ते दिले नाहीत आणि तिनेही भीतीपोटी मागितले नाहीत. आज तिचे तीन मणके दबलेले आहेत. चालताना ती समोर पाहू शकत नाही, जमिनीकडे पाहते.

माझी धाकटी बहीण ५३ वर्षांची आहे, पाळी जाऊन तीन वर्षे झाली. आपला लेख वाचून तिने रात्री फोन केला, “ताई, मी घेऊ का गं?” तिच्यासाठी हा प्रश्न अजून उघडा आहे. तिला गर्भाशय आहे, म्हणजे नुसते इस्ट्रोजेन चालणार नाही, जोडीला प्रोजेस्टेरॉन लागेल. नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. गोळीपेक्षा त्वचेवरच्या पट्टीत गुठळीचा धोका कमी दिसतो, तेही तिने विचारायचे आहे. आणि औषध थांबवले की झीज पुन्हा सुरू होते, तेव्हा पुढे काय, हेही.

या विषयावर आपण पुन्हा लिहाल, तेव्हा वर्षांचा हा हिशेब लेखाच्या सुरुवातीलाच द्यावा, ही विनंती. बहिणीची डेक्सा मंगळवारी आहे. मी सोबत जाणार आहे, माझे दोन्ही रिपोर्ट घेऊन. सख्ख्या बहिणीची हाडे मोडली आहेत, हे तिच्या डॉक्टरांना कळायला हवे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त गणित शिक्षिका