‘फॉरमॅट’ मारण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केल्यापासून जुन्या संगणकांविषयी वृत्तपत्रांत जे काही छापून येते, त्याचा सूर बहुतांशी ‘आता नवा घ्या’ असाच असतो. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१७ पूर्वी घेतलेले संगणक अधिकृतपणे त्या पंक्तीला बसत नाहीत, हे खरेच आहे. तथापि सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी संगणकदुरुस्ती आणि डीटीपी (छपाईसाठी संगणकावर पाने जुळवणे) ही दोन्ही कामे वर्षानुवर्षे करीत असल्याने माझा अनुभव थोडा निराळा आहे. येथील शाळा, पतसंस्था, छापखाने आणि वकिलांची कार्यालये यांतील जुनी यंत्रे अडतात ती बहुधा एखाद्या बिघडलेल्या फाइलपायी, आणि त्यांतील कामाची माहिती कायमची जाते ती घाईने केलेल्या दुरुस्तीपायी. या दुसऱ्या गोष्टीविषयी आपल्या दैनिकातून थोडे सविस्तर लिहावे, असे मनात आले.

संगणक सुरूच होत नाही, मध्येच निळा पडदा येतो, एखादा प्रोग्राम ‘डीएलएल मिसिंग’ (म्हणजे त्याला लागणारी एक साहाय्यक फाइल सापडत नाही) म्हणून उघडत नाही. तक्रार कोणतीही असो, दुकानातले उत्तर ठरलेले असते : ‘फॉरमॅट मारावा लागेल’, म्हणजे डिस्क पुसून कोरी करावी लागेल. या उत्तरामागचा हिशेब मला व्यवसायामुळे चांगला ठाऊक आहे. फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकायला किती वेळ लागेल हे आधी सांगता येते आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक कुरकुर न करता देते. उलट बिघाड शोधायला अर्धा तास लागेल की अख्खा दिवस, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि ‘नुसते बघायचे’ पैसे मागितले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. पण हार्डडिस्कच खराब होत आली असेल, तर तिच्यावर नवे विंडोज टाकणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. महिन्या-दोन महिन्यांत तोच संगणक तीच तक्रार घेऊन पुन्हा दुकानात येतो, आणि तोवर जुनी माहिती पुसली गेलेली असते.

‘डेटा काढून ठेवला आहे’ या आश्वासनाचा नेमका अर्थ काय, हे गिऱ्हाइकाने विचारलेच पाहिजे. दुकानदार साधारणपणे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटोंचे फोल्डर तेवढे उचलतो. टॅलीच्या जुन्या आवृत्त्या मात्र हिशेबाचा डेटा ‘सी’ ड्राइव्हवरच्या टॅलीच्याच फोल्डरात ठेवीत असत, आणि फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-सॉफ्टवेअरमध्ये करून घेतलेले पतसंस्थांचे किंवा दूध डेअरीचे प्रोग्रामही आपल्या फोल्डरातच नोंदी ठेवतात. आउटलुक हा मेलचा प्रोग्राम वापरणाऱ्यांची ई-मेल बहुधा एका पीएसटी फाइलमध्ये असते, जी शोधल्याशिवाय दिसत नाही. त्यात भर म्हणजे फॉरमॅट करताना ३२-बिट विंडोज (जुन्या घडणीचे) काढून ६४-बिट (नव्या घडणीचे) टाकण्याचा प्रघात पडला आहे. ६४-बिट विंडोजवर जुने १६-बिट प्रोग्राम मुळी चालतच नाहीत. म्हणजे डेटा सुदैवाने वाचला, तरी तो उघडणारा प्रोग्राम उरत नाही.

मराठी छापखान्यांची अडचण याहून बिकट आहे. युनिकोड (प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला संकेत देणारी पद्धत) रुळण्यापूर्वीची लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक, स्मरणिका ही सारी कामे पेजमेकर या पाने मांडण्याच्या प्रोग्राममध्ये आणि श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट वापरून झालेली आहेत. त्या फाइलींमध्ये मराठी अक्षरे साठवलेली नसतात, त्या-त्या फॉन्टचे संकेत साठवलेले असतात. त्यामुळे तोच फॉन्ट यंत्रावर नसेल, तर पानभर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसतो. फॉन्टच्या फाइली विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात असतात, म्हणजेच फॉरमॅटमध्ये पहिल्या फटक्यात जाणाऱ्या जागी. मूळ सीडी हरवलेली, हार्डवेअर लॉक (ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ते संगणकाला लावायचे छोटे उपकरण) कुठल्या तरी खणात, आणि त्याचा ड्रायव्हर (ते विंडोजला ओळखू देणारा प्रोग्राम) नव्या विंडोजवर चालेलच याची खात्री नाही, अशा अवस्थेत वीस वर्षांचे काम डोळ्यांसमोर असून वाचता येत नाही. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ सालची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही यंत्रे जपून का ठेवावी लागतात ते कळेल.

आता प्रत्यक्ष बिघाडांकडे वळतो. काहींचा उपाय इतका साधा असतो की सांगताना संकोच वाटतो. सुरू करताच काळ्या पडद्यावर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ किंवा ‘बूटमॅनेजर इज मिसिंग’ अशा अर्थाची ओळ आली, तर आधी पाठीमागे किंवा पुढे लावून राहिलेला पेनड्राइव्ह काढावा. पुष्कळदा संगणक हार्डडिस्कऐवजी त्याच्यावरूनच सुरू व्हायला बघत असतो. सगळी संकेतस्थळे एकाएकी ‘तुमची जोडणी सुरक्षित नाही’ असे म्हणू लागली, तर उजवीकडच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती काही वर्षे मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल संपला आहे, कारण प्रमाणपत्रांची मुदत तारखेवरूनच तपासली जाते. पेनड्राइव्हमधील सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, तर मूळ फाइली बहुधा पुसल्या गेलेल्या नसतात. व्हायरसने त्या फक्त लपवलेल्या असतात, आणि व्हायरस काढल्यावर ‘ॲट्रिब’ या आज्ञेने त्या पुन्हा दिसू लागतात.

एका बिघाडावर मात्र थोडे थांबतो, कारण त्याने माणसे सर्वांत जास्त घाबरतात. संगणक सुरू होतो, पण डेस्कटॉप कोरा असतो. पाठीमागचे चित्र बदललेले, घरच्या लग्नाचे फोटो गायब, मुलाचा प्रोजेक्ट गायब. विंडोजला नेहमीचे प्रोफाइल उघडता आले नाही, म्हणून त्याने तात्पुरत्या प्रोफाइलने आत घेतलेले असते. ‘सी’ ड्राइव्हवरच्या यूजर्स फोल्डरात जाऊन आपल्या नावाचे फोल्डर उघडले, तर सगळ्या फाइली जागच्या जागी सापडतात. रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीच्या, ‘प्रोफाइल लिस्ट’ या भागात एकाच वापरकर्त्याच्या दोन नोंदी, त्यांतील एकीच्या शेवटी ‘बीएके’ अशी शेपटी, हे याचे नेहमीचे चिन्ह. जाणकार माणूस ते थोडक्या वेळात दुरुस्त करतो. एवढे मात्र कटाक्षाने पाळावे, की त्या कोऱ्या डेस्कटॉपवर नवे काही साठवू नये, कारण लॉगआउट होताच तात्पुरते प्रोफाइल पुसले जाते. नेमक्या याच अवस्थेतील संगणक ‘डेटा उडाला’ असे सांगून फॉरमॅट झालेले मी पाहिले आहेत.

याखेरीज कोणताही मोठा बिघाड असेल, तर दुरुस्तीचा क्रम चुकता कामा नये. सर्वप्रथम हार्डडिस्कची प्रकृती पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्राम डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदी वाचून रंगाने इशारा देतो. तेथे पिवळा किंवा लाल रंग दिसला, विशेषतः बदललेल्या आणि वाचता न येणाऱ्या सेक्टरांची (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची) संख्या वाढत असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडून आधी माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी. येथे एक सावधगिरी फार कोणी सांगत नाही. ‘चेकडिस्क’ या विंडोजच्याच डिस्क-तपासणीच्या आज्ञेची ‘आर’ जोडून चालवायची तपासणी डिस्कचा कानाकोपरा वाचत जाते, त्यामुळे मरणासन्न डिस्कवर ती चालवणे म्हणजे उरलीसुरली धुगधुगी घालवणे होय. माहिती हाती आल्यावर ती खुशाल चालवावी.

डिस्क धडधाकट असेल, तर विंडोजमध्येच फाइली तपासणारी सोय आहे आणि ती थेट विंडोज ९८ पासून आहे. कमांड प्रॉम्प्टवर (आज्ञा टंकायच्या काळ्या खिडकीच्या चिन्हावर) उजवे क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने तो उघडावा आणि ‘एसएफसी’, मग एक मोकळी जागा, तिरपी रेघ व लगेच ‘स्कॅननाऊ’ असे टंकावे. संगणक प्रत्येक संरक्षित सिस्टिम फाइल ताडून पाहतो आणि बिघडलेली आढळली तर आपल्याजवळच्या साठ्यातील चांगली प्रत तिच्या जागी ठेवतो. हा साठा ‘विनएसएक्सएस’ नावाच्या फोल्डराशी बांधलेला असतो. जागा कमी पडली म्हणून तो फोल्डर हाताने पुसू पाहणारी मंडळी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात. काही फाइली सापडल्या पण दुरुस्त करता आल्या नाहीत, असे उत्तर आले तर साठाच बिघडलेला असू शकतो. विंडोज ८ पासून पुढे तो ‘डिझम’ या विंडोजमधल्याच दुसऱ्या साधनाच्या ‘रिस्टोअरहेल्थ’ या आज्ञेने इंटरनेटवरून दुरुस्त करून घेता येतो, आणि मायक्रोसॉफ्टचा सल्लाही आधी डिझम व नंतर एसएफसी असाच आहे. डिझम मध्येच एखाद्या टक्केवारीवर बराच वेळ खिळून बसते. ते अडकले असे समजून खिडकी बंद करू नये. विंडोज एक्सपीवर एसएफसीची तपासणी मूळ सीडी मागते, म्हणून ती सीडी फेकू नये. दुरुस्त केलेल्या फाइली चार दिवसांनी पुन्हा बिघडत असतील, तर दोष फाइलींत नसून रॅममध्ये (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीत) किंवा डिस्कमध्ये आहे. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसण्याचा आमच्या धंद्यातला जुना उपाय पुष्कळदा लागू पडतो, हे जाता जाता सांगतो.

‘व्हीसीरनटाइम१४०’ किंवा तत्सम डीएलएल सापडत नाही, असा संदेश आला की लोक त्या नावाची फाइल इंटरनेटवर शोधतात आणि कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवून सिस्टिम३२ फोल्डरात टाकतात. हे अत्यंत घातक आहे. अशा अनोळखी फाइलीत काय दडले आहे ते कळायला मार्ग नसतो. शिवाय ६४-बिट विंडोजमध्ये ६४-बिट फाइली सिस्टिम३२ मध्ये आणि ३२-बिट फाइली सिसवाव६४ मध्ये असतात, म्हणजे नावांच्या नेमके उलट, त्यामुळे बरी फाइलही चुकीच्या जागी पडते. ती डीएलएल व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल या संचाचा भाग आहे, आणि तो संच मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतो. ६४-बिट विंडोजवर त्याचे ३२ आणि ६४-बिट असे दोन्ही प्रकार टाकावेत. ‘रजिस्ट्री क्लीनर’ आणि ‘पीसी बूस्टर’ यांच्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : त्यांनी वेग वाढलेला मला कधी दिसला नाही, बिघाड वाढलेला पुष्कळदा दिसला.

सिस्टिम फाइली इतक्या बिघडतात कशाने, याचे आमच्या भागातील मोठे कारण वीज हे आहे. अपडेट चालू असताना वीज गेली की अर्धवट लिहिलेल्या फाइली तशाच राहतात. एनटीएफएस या विंडोजच्या डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत फोल्डरांची रचना सावरण्याची सोय असते, फाइलीच्या आतल्या मजकुराची हमी तीही देत नाही. तरीही शाळांतून नव्या प्रोजेक्टरला पैसे मिळतात आणि यूपीएसच्या दोन वर्षांपूर्वी संपलेल्या बॅटरीला मिळत नाहीत.

जुनी यंत्रे जशीच्या तशी इंटरनेटला जोडून वापरत राहावे, असे मी सुचवीत नाही. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज ७ वर चालणारी क्रोम या ब्राउझरची शेवटची आवृत्ती १०९ आहे. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळण्याची सोय आहे. बँकेचे व्यवहार सुरक्षा-अपडेट न मिळणाऱ्या यंत्रांवर करूच नयेत. पण श्रीलिपीचे किंवा फॉक्सप्रोचे काम करणाऱ्या यंत्राला इंटरनेटची गरजच काय? त्याची नेटची वायर काढावी, संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर करून कपाटात ठेवावी आणि काम चालू द्यावे.

दुकानदारांनी फॉरमॅटपूर्वी पावतीवर तीन गोष्टी लिहून द्याव्यात : आलेला संदेश काय होता, हार्डडिस्कची अवस्था काय आढळली, आणि कोणकोणते फोल्डर उतरवून घेतले. पतसंस्था व शाळा यांनी तसे लेखी मागावे, आणि नुसत्या तपासणीचे पैसे द्यायची तयारीही ठेवावी. आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानाच्या पानावर दर आठवड्याला नव्या मोबाइलची ओळख असते. त्या पानाचा एक कोपरा पडद्यावर येणाऱ्या अशा इंग्रजी संदेशांचा मराठीत उलगडा करण्यासाठी राखून ठेवावा, ही विनंती. गावोगावच्या दुरुस्ती करणाऱ्यांकडून मजकुराला तोटा पडणार नाही.

आपला विश्वासू,
एक संगणक-दुरुस्ती व्यावसायिक
जि. सांगली