सगळे पैसे माझ्या खात्यावर नको टाकूस

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस की आई, रेट मस्त मिळतोय, साठलेले सगळे युरो तुझ्या खात्यावर टाकते, तू एफडी करून टाक. मी हो हो म्हटलं खरं पण रात्री डोळ्याला डोळा नाही लागला. म्हणून सकाळी चहा झाल्या झाल्या लिहायला बसलेय, लांबलं तरी शेवटपर्यंत वाच.

पप्पा मस्कतला होते तेव्हा मी एक निळ्या पुठ्ठ्याची वही ठेवली होती. तारीख, किती रियाल, काय रेट, ड्राफ्ट तिथून कधी निघाला आणि चिपळूणला कधी पोचला. ड्राफ्ट रजिस्टरने यायचा नाहीतर गावचं कोणी सुट्टीवर आलं की त्याच्या हाती, पंधरा-वीस दिवस सहज जायचे. जून 1991 चं पान अजून आहे. 400 रियाल, रेट 55, म्हणजे 22,000. घराचा स्लॅब दिवाळीनंतर टाकायचा होता, पण मीच पप्पांच्या मागे लागले की पैसे आधी हातात असलेले बरे. आणि 1 जुलैला एकदा, 3 जुलैला परत एकदा रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर 21 वरून 26 च्या घरात गेला, रियाल डॉलरला बांधलेला त्यामुळे तो 67 च्या आसपास. म्हणजे तेच 400 रियाल चार दिवस थांबले असते तर 26,800 झाले असते. खिडक्या-दारांचं सगळं सुतारकाम निघालं असतं गं त्यात. त्या पानावर मी पेन्सिलने वजाबाकी करून ठेवलीय, पप्पा एका शब्दाने बोलले नाहीत पण मला ती अजून बोचते.

आता तू म्हणशील, मग आज रेट चांगला आहे तर आजच बदलूया. तसं नाही बाळा. 2007 मध्ये उलटं झालं होतं, डॉलर 44 वरून 39 वर आला आणि इथे घर घ्यायचं म्हणून डॉलर धरून बसलेले लोक हळहळले. रेट कुठे जाणार ते तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. आपल्याला माहीत असतं ते एवढंच की पैसा कुठे खर्च होणार आहे. तुझं भाडं म्युनिकला, गाडी घेतलीस तर तिथे, पुढे घर बघितलंस तरी तिथेच. मग ते युरो युरोतच राहू देत ना. तिथल्या बँकेत माणशी 1 लाख युरोपर्यंतच्या ठेवीला कायद्याने संरक्षण आहे. इथे जेवढं लागणार तेवढंच आणि लागेल तेव्हाच रुपयात आण.

आणि इथे काही ठेवायचंच असेल तर स्वतःच्या नावावर ठेव. माझ्या खात्यावर एकदा आलं की ते माझं झालं, व्याज माझ्या उत्पन्नात धरणार, आणि तुला परत हवं झालं तर मला ते एलआरएसमधून, म्हणजे इथल्या माणसाने परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून, पाठवावं लागणार, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, रक्कम मोठी असली तर वर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच आगाऊ घेतात तो टॅक्स, कापणार, फॉर्म भरा, सह्या करा. उद्या माझं काही बरंवाईट झालं तर तुझेच पैसे मागायला तुला वारसाचे कागद घेऊन फिरावं लागेल. ते मला नकोय.

तुझं कॉलेजचं सेव्हिंग खातं अजून साधंच आहे ना? ते आधी एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घे, परदेशात नोकरीला गेल्यावर साधं खातं चालत नाही, फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, बसत नाही ते. आजीने तुझ्या नावावर ठेवलेल्या एफडीचं व्याज त्यात येऊ दे. त्यावर 30 टक्के टीडीएस आणि वर सेस कापतात, पण जर्मनीशी करार आहे, तिथलं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, म्हणजे तू टॅक्स तिथे भरतेस याचा दाखला, बँकेला दिलंस की व्याजावर 10 टक्केच. तिथून पाठवशील ते मात्र एनआरईमध्ये, म्हणजे बाहेरच्या कमाईसाठीच्या खात्यात, ते रुपयात असतं पण परत न्यायला आडकाठी नाही. आणि युरो युरोतच ठेवायचे तर एफसीएनआर, म्हणजे इथल्या बँकेतलं परकीय चलनातलं खातं, त्याची फक्त मुदत ठेव होते, एक ते पाच वर्षांची. वर्षाच्या आत मोडलीस तर व्याज शून्य. तुला कोणी सांगेल की डॉलरमध्ये ठेव, व्याज जास्त आहे. ऐकू नकोस. युरोचे डॉलर, मग परत डॉलरचे युरो, दोन्ही वेळा बँक आपला कट घेते, आणि मधे युरो वर गेला तर ते जास्तीचं व्याज त्यातच जातं.

अजून एक, लोक म्हणतात एनआरईचं आणि एफसीएनआरचं व्याज टॅक्स फ्री. ते इथे. तू राहतेस जर्मनीत, तिथे जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं, व्याज-डिव्हिडंड सगळं मिळून वर्षाला 1,000 युरोपर्यंत सूट, पुढे टॅक्स. बँका माहिती आपोआप तिकडे कळवतात. लपवायच्या भानगडीत अजिबात पडू नकोस.

तुला माहीत नसेल, तुझ्या ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे तिथे शिकायला जाताना व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे आधीच भरून ठेवलेले, 10,332 युरो कुठून आले ते. पप्पा कायमचे परत आले तेव्हा एफसीएनआरची मुदत संपल्यावर ते डॉलर त्यांनी रुपये न करता आरएफसी खात्यात, म्हणजे परत आलेल्यांना परकीय चलन तसंच ठेवता येतं त्या खात्यात, ठेवले. घरातल्या सगळ्यांनी वेड्यात काढलं, नुसते काय ठेवतोस, प्लॉट घे. ते म्हणाले, पोरीला बाहेर शिकायला जायचं झालं तर. तेव्हा तू तिसरीत होतीस. तिथे पहिल्या वर्षी दर महिन्याला तुला जे 861 युरो सुटायचे ना, ते त्यांनी मस्कतच्या उन्हात कमवलेले.

तर आता बँकेला मेल कर, एनआरओचा फॉर्म मागव आणि एनआरई उघडताना मला 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'वर जोड म्हणजे खातं तुझंच राहील, मी फक्त मागे असेन. माझ्या सह्या लागतील तिथे पेन्सिलने खूण करून पाठव. वही मी जपून ठेवलीय, डिसेंबरमध्ये आलीस की घेऊन जा.

तुझी,
आई