दोरीएवढंच भिजव

प्रिय आई, प्रिय बाबा,

वर आधी शि. सा. न. लिहिलं होतं, मग वाटलं की ते वाचून तुम्ही दोघं म्हणणार याचं काहीतरी बिनसलंय, म्हणून खोडलं. बिनसलं काही नाही. म्हणजे एक गोष्ट आहे, पण ती शेवटी सांगतो.

परवा व्हिडिओ कॉलवर आई तू बोलता बोलता थांबलीस आणि म्हणालीस, "तुझ्या मागे ते काय आहे रे, खुर्ची की डोंगर?" आणि बाबा कॅमेऱ्याबाहेरून फिस्सकन हसले, ते ऐकू आलं मला. मी फोन दुसरीकडे फिरवला आणि विषय बदलला. पण ती खुर्चीच होती, आणि तिच्यावर जो डोंगर होता तो धड मळलेले नाहीत आणि धड स्वच्छही नाहीत अशा कपड्यांचा होता, म्हणजे एकदा घातलेली जीन्स, दोन तास अंगावर असलेला शर्ट, मोठ्या मुलाचं जॅकेट, असलं. कपाटात ठेवावं तर धुतलेल्यांना वास लागेल, धुवायला टाकावं तर उगाच धुणं वाढेल, मग जातं खुर्चीवर. मला आता कळलंय की खुर्चीचा दोष नाही, या तिसऱ्या जातीच्या कपड्यांना आमच्या घरात जागाच नव्हती. दाराच्या मागे प्रत्येकाला तीन-तीन हुक लावले. हुक भरले की एक काढून धुवायला टाकायचा मगच नवीन अडकवायचा, एवढाच नियम. खुर्ची सध्या रिकामी आहे, पुढच्या कॉलला मुद्दाम तिच्यावर बसून बोलतो.

पण खरा गोंधळ खुर्चीचा नव्हताच. तुमची सून या वर्षी शिफ्टमध्ये गेल्यापासून कपडे पूर्णपणे माझ्याकडे आले आणि मी हुशारी केली, ती म्हणजे आठवडाभराचं सगळं रविवारी एकदम. म्हटलं मशीन आहे, आपल्याला काय, बटण दाबायचं. चार माणसं, रोजचे माणशी चार नग धर, म्हणजे दिवसाला १६, आठवड्याला ११२, आणि वर टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे वेगळेच. रविवारी सकाळपासून मशीन घरघर घरघर, चार लोड, दुपारपर्यंत सगळं धुऊन तयार आणि मी खूश. आणि मग वाळत घालायला गेलो तर दोरी संपली. आमच्या गॅलरीत चार दोऱ्या, प्रत्येकी साधारण दोन मीटर, म्हणजे आठ मीटर. एक टीशर्ट पसरून घातला तर अर्धा मीटर खातो. १६ टीशर्ट झाले की दोरी खलास, आणि माझ्या हातात अजून तीन बादल्या ओल्या. मग खुर्च्यांच्या पाठी, दारं, खिडकीचे गज, जिन्याचा कठडा, घराला धोबीघाटाची कळा. जे उरलं ते मशीनमध्येच राहिलं दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि त्याला तो वास लागला, कुबट, तुला माहितीये तो. परत धुतलं. म्हणजे ११२ चे १४० झाले.

तो वास ओलेपणाचा नसतो म्हणे, मी वाचलं त्यावर. आपल्या अंगाचं तेल, घाम हे धुऊनही थोडं राहतंच कापडात, आणि कापड तासन्‌तास ओलं राहिलं की मोराक्सेला नावाचे जिवाणू त्यावर ताव मारतात, वास त्यांचा. म्हणून पावसाच्या दिवसांत घरात वाळवलेल्याला जास्त येतो. वर जास्त पावडर टाकून तो जात नाही, उलट जास्त पावडर म्हणजे जास्त फेस, फेसात कपडे एकमेकांवर घासलेच जात नाहीत नीट आणि पावडर कापडात बसून राहते. मी आधी झाकणभर टाकायचो. आता अर्धं. फरक एवढाच पडला की टॉवेल मऊ झाले.

आणि तेव्हा, त्या तीन बादल्यांपाशी उभा असताना, तुझं वाक्य आठवलं आई. लहानपणी सुट्टीत ताई सगळं एकदम भिजवायला निघायची आणि तू ओरडायचीस, "दोरीएवढंच भिजव!" आम्हाला वाटायचं ही उगाच कटकट. अगं मशीन एका तासात धुतं, दोरी दिवसभर घेते. मग किती धुवायचं हे दोरीनेच ठरवायला पाहिजे ना. मशीनवर सात किलो लिहिलंय म्हणून मी सात किलो भरत होतो, आणि दोरीवर काही लिहिलेलं नसतं.

आता रोज एक छोटा लोड. रात्री जेवणं झाली की मशीनला टायमर लावतो, पहाटे साडेपाचला संपेल असा, उठल्या उठल्या बाहेर. ओलं म्हणून मशीनमध्ये पडून राहतच नाही. सोमवारी-गुरुवारी पांढरं आणि फिकं, मंगळवारी-शुक्रवारी गडद, बुधवारी टॉवेल, शनिवारी अंथरुणं, रविवारी काही नाही. रविवार सुट्टी ही माझी अट आहे आणि त्याबद्दल कुणाचं ऐकणार नाही. मळक्या कपड्यांची एक मोठी टोपली होती ती काढून तीन छोट्या ठेवल्या, ज्याने त्याने काढतानाच वेगळं टाकायचं. धाकटी बरोबर टाकते. मोठा बारा वर्षांचा झालाय त्यामुळे त्याला टोपली दिसत नाही, टोपलीच्या शेजारी टाकतो.

दोरीची लांबी वाढवता येत नव्हती तर मी शर्ट हँगरवर घालून हँगर दोरीला अडकवायला लागलो. अर्ध्या मीटरच्या जागेत तीन-चार शर्ट बसतात आणि इस्त्रीही निम्मी वाचते. (इस्त्रीबद्दल तू काही म्हणू नकोस, मी फक्त शाळेच्या शर्टाला करतो, बाकी जग चुरगळलेलं चालेल.) फक्त दोन हँगरमध्ये चार बोटं जागा सोडावी लागते, वारा खेळला नाही तर उन्हातसुद्धा लवकर वाळत नाही, आणि वारा असला तर सावलीतही वाळतं. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून. खिसे हा वेगळा विषय आहे. माझ्याच पँटीच्या खिशात एक टिश्यू राहिला आणि गडद कपड्यांचा अख्खा लोड बाहेर आला तो बर्फ पडल्यासारखा. ओलं असताना ते काढायला जाऊ नका, चिकटतं आणखी, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग झटकायचं, बरंचसं गळून पडतं. उरलेलं मी मीटिंगमध्ये बसून नखाने काढलं.

धुणं, वाळवणं जमलं. घड्या जमत नव्हत्या. वाळलेले कपडे मी काढून पलंगावर टाकायचो, रात्री झोपायची वेळ झाली की उचलून सोफ्यावर, सकाळी सोफ्यावरून पलंगावर, असे आमचे कपडे घरातल्या घरात फिरायचे आणि शेवटी त्या ढिगातूनच ओढून घालून सगळे कामाला. मग तुला डोळ्यासमोर आणलं. तू कपडे दोरीवरून काढायचीस आणि तिथेच उभ्या उभ्या घडी घालून डाव्या हातावर ठेवत जायचीस. आधी बाबांचे सगळे, मग ताईचे, मग माझे, म्हणजे आत येईपर्यंत हातावर तीन गठ्ठे तयार. मी कधी विचारच केला नाही की हे कपडे असे माणसामाणसाच्या क्रमाने कसे काय निघतात. ते सकाळी वाळत घालतानाच तसे घातलेले असायचे ना! हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं. तू कधी सांगितलं नाहीस, आम्ही कधी विचारलं नाही. आता मीही प्रत्येकाची दोरी ठरवलीये. चार माणसं चार दोऱ्या, ज्याची दोरी त्याने संध्याकाळी काढायची आणि घडी घालून आपल्या कपाटात. मोठ्याची दोरी दोन दिवस तशीच होती. मी काढली नाही. तिसऱ्या दिवशी शाळेला जायला शर्ट नव्हता, तेव्हा गेला आणि काढून आणले. घड्या कशा घालतो ते विचारू नका.

मोज्यांचं काही झालेलं नाही. जाळीच्या पिशवीत घालून धुतो, तरी एक कमी येतो.

आता ती गोष्ट. धाकटीला धुळीची ॲलर्जी निघाली, काळजीचं काही नाही, सकाळी शिंका येतात खूप. धुळीतले ते डोळ्यांना न दिसणारे डस्ट माइट असतात, गादी-उशीत राहतात, ते मरायला पाणी ६० डिग्रीपर्यंत गरम लागतं, म्हणून डॉक्टरांनी अंथरूण-पांघरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायला सांगितलं. म्हणून शनिवार. तर दोन महिन्यांपूर्वी मी तिच्या पलंगावरचं सगळं एकत्र गोळा करून मशीनमध्ये कोंबलं, ६० वर लावलं, आणि दोन तासांनी अभ्र्याच्या आतून काहीतरी कडक, जाड, छोटंसं निघालं. मला आधी कळलंच नाही काय आहे. आई, तो तू विणलेला माझा करडा स्वेटर होता, वेणीच्या नक्षीचा. ती तो उशीच्या अभ्र्यात घालून झोपते हे मला माहीत नव्हतं.

ताणून बघितला, ओला करून बघितला, कंडिशनरमध्ये भिजवून बघितला. होत नाही. लोकरीच्या प्रत्येक तंतूला बारीक बारीक खवले असतात, गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत अडकत जातात आणि एकदा घट्ट बसले की सुटत नाहीत, म्हणजे आटला असं आपण म्हणतो पण तो खरं तर नमदा, म्हणजे दाबून घट्ट झालेली लोकर, होतो, त्यातून वेणीची नक्षी अजून बोटाला लागते पण दिसत नाही. दोन महिने सांगितलं नाही कारण कसं सांगायचं कळत नव्हतं. तुमच्या सुनेने सांगितलं की फोनवर सांगू नकोस, लिही. आता तो धाकटीला बसतो. बाह्या जरा लांब आहेत आणि उभा राहतो अंगावर चिलखतासारखा, पण ती घालून फिरते आणि कोणी विचारलं तर सांगते आजीने माझ्यासाठी केला. मी दुरुस्त करत नाही.

दुसरा विणून दे असं म्हणत नाहीये, उलट आहे. ताईने सांगितलं की तुझा उजवा खांदा परत दुखतोय आणि तरी तू चादरी हाताने धुतेस, मशीनमध्ये निघत नाही म्हणून. हाताने पिळलेली जाड चादर कोरडीच्या दुप्पट तरी भरते वजनाला, आणि ती तू डोक्याच्या वर उचलून दोरीवर टाकतेस. मशीनच्या मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या स्पिनला कोरड्या वजनाच्या साधारण निम्मंच पाणी उरतं, म्हणजे उचलायलाही हलकं आणि वाळायलाही लवकर. तुमच्या मशीनचं स्पिन बाबा ६०० वर ठेवतात, कपडे फाटतील म्हणून. बाबा, चादरी फाटत नाहीत, वाढवा. आणि निघत नाही म्हणतेस ते बहुतेक जास्त भरल्यामुळे असेल, चादरी दोनच घाला, ड्रमच्या वरच्या बाजूला हात उभा जाईल एवढी जागा राहिली पाहिजे. मशीनचं दार धुऊन झालं की उघडं ठेवा, रबराच्या पट्टीत काळं धरलं होतं मागच्या वेळी मी पाहिलं. आणि टॉवेलला ते सुगंधी कंडिशनर घालू नका, त्याचा थर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो, मग तुम्ही म्हणता हल्लीचे टॉवेल चांगले येत नाहीत.

दोरी बाबांच्या उंचीची आहे. मला वाटतं ती घर झालं तेव्हा बाबांनीच बांधली आणि कोणी हलवली नाही, आई तू इतकी वर्षं टाचा उचलून वाळत घालतेयस. पुढच्या महिन्यात येतोय तेव्हा ती खाली घेतो, खिळे मी आणतो. बाबा, तोपर्यंत एक करा, टेप घेऊन आईचं पायापासून खांद्यापर्यंतचं माप घ्या, चपला घालून, कारण ती चपला घालूनच बाहेर जाते, आणि मला व्हॉट्सॲप करा. ती म्हणेल काही नको. तरी घ्या.

तुमचा,
करड्या स्वेटरवाला